सशांच्या गवतातली कुसळं: साताऱ्यातल्या एका वर्षाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

आज वाळल्या गवताच्या ५० पेंढ्या घेतल्या. पेंढीला १२ रुपये, म्हणजे ६००, आणि टेम्पोने शाहूपुरीत घरापर्यंत आणायचे १५०. घरात दोन ससे आहेत. भुरी तीन वर्षांची, कापूस दीड वर्षाचा. दोघांना मिळून दिवसाला दोनशे ग्रॅम गवत लागतं, त्यातलं थोडं तुडवण्यातच जातं. पेंढी पाऊण किलोच्या आसपास भरते. म्हणजे सहा महिन्यांची बेगमी झाली.

आतापर्यंत बाहेरून टिमोथी गवत मागवत होते. किलोला घरपोच ७५० रुपये. एवढं दर महिन्याला झेपत नव्हतं, म्हणून अर्धे दिवस लसूणघासावर भागवायचे. ती माझी पहिली चूक. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर असतात, वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्या सशाला रोज नको. भुरीच्या शेपटीखाली मऊ लेंड्या चिकटायला लागल्या तेव्हा ते लक्षात आलं.

नवं गवत सोनेरी आहे, वास चांगला आहे, बुरशी नाही. पेंढ्या माळ्यावर रचताना बोटांना बारीक टोचत होतं. गवत म्हटलं की टोचायचंच, असं म्हणून मी सोडून दिलं.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी सातला भुरीने कोथिंबीर नाकारली. कोथिंबिरीला ती कधीच नाही म्हणत नाही. हनुवटीखालचे केस ओले होते, तोंड सारखं हलवत होती पण चावत काही नव्हती. ससा १२ तास काही न खाता राहिला तर त्याचं आतडं थंडावतं आणि मग जिवावर बेततं. शिवाय सशाला उलटी होत नाही, पोटात गेलेलं परत बाहेर येत नाही. म्हणून सकाळची वाट न बघता तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे पुढचे दात बघितले, "दात ठीक आहेत" म्हणाले आणि तोंडाने द्यायचं एक पातळ औषध दिलं. ३०० रुपये.

घरी येऊन बाटली वाचली. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक होतं. या गटातलं औषध सशाला तोंडावाटे दिलं तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि तोच आजार होऊन बसतो. मला हे आधी माहीत होतं म्हणून वाचले. बाटली उघडलीच नाही. रात्रभर दर दोन तासांनी सिरिंजने पाणी पाजलं.

१४ नोव्हेंबर

सकाळी दहाला दुसऱ्या डॉक्टरांकडे. म्हणजे पंधरा तास वाया गेले.

त्यांनी भुरीला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळलं आणि कान तपासायची नळी तोंडात घालून आत बघितलं. सशाच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी जागा असते. तिथे हिरडीत एक कुसळ रुतलेलं होतं. वरची शेपटी तुटून गेली होती, फक्त तपकिरी टोक आत होतं. चिमट्याने ओढताना रक्त आलं, कारण टोकावरचे केस उलटे असतात. आत जाताना ते अंगाला चिकटून बसतात, बाहेर येताना फुलतात.

वेदनाशामक दिलं, कातडीखाली सलाइन दिलं. घरी आल्यावर पेलेट, म्हणजे सशांच्या खाद्याच्या गोळ्या, पाण्यात भिजवून सिरिंजने भरवायला सांगितलं. ६५० रुपये. दुपारी चारला तिने पहिली लेंडी टाकली. वाटाण्याएवढीसुद्धा नव्हती, पण ती बघून मला रडू आलं.

डॉक्टर म्हणाले, "गवत बदला नाहीतर गवत निवडा. हे परत होणार." एवढं गवत टाकून द्यायची माझी तयारी नव्हती. तेव्हा निवडायचं ठरवलं, आणि या वहीत निवडीच्या नोंदीही ठेवायचं ठरवलं.

१५ नोव्हेंबर

निवडायच्या आधी ज्याला शोधायचं ते नीट बघून घेतलं. हे डोंगरउतारावरचं कुसळी गवत. त्याचा एक दाणा पांढऱ्या कागदावर ठेवला. खाली सुईसारखं टोक, त्याच्यामागे तांबूस दाट केस, सगळे मागे वळलेले. वर बोटाएवढी लांब तपकिरी शेपटी, सुंभासारखा पीळ पडलेली आणि मधे गुडघ्यासारखी मोडलेली.

ओल्या रुमालावर ठेवल्यावर ती शेपटी आपोआप फिरायला लागली. मिनिटाभरात दीड वेढा. पीळ सुटत होता आणि टोक रुमालाच्या विणीत शिरत होतं. मग रुमाल उन्हात वाळवला. शेपटी उलटी फिरून पीळ परत बसला, टोक मात्र मागे आलं नाही, आणखी पुढेच गेलं. ओल लागली की पुढे, वाळलं की पुढे.

भुरीच्या तोंडात हेच झालं असणार. लाळेने ओलं झालं आणि हिरडीत शिरलं.

लेक शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "आई, हे जिवंत आहे का?" मी नाही म्हणाले, पण मलाही बघवत नव्हतं.

१७ नोव्हेंबर: हाताने

पद्धत कुठलीही वापरली तरी ती तपासायची म्हणजे मागे उरलेली कुसळं मोजायची, असं ठरवलं. म्हणून प्रत्येक वेळी एक पेंढी निवडायची आणि दुसऱ्या दिवशी उजेडात तीच पेंढी काडी काडी बघून उरलेली कुसळं काढायची.

पहिली पेंढी पांढऱ्या चादरीवर पसरून हाताने निवडली. ५० मिनिटं लागली. १६३ कुसळं निघाली. दुसऱ्या दिवशी त्याच पेंढीत आणखी २१. रात्री ट्यूबलाइटखाली निवडल्यामुळे हे झालं. तपकिरी कुसळ पिवळ्या गवतात रात्री दिसतच नाही. शिवाय उजव्या हाताच्या अंगठ्यात एक शिरलं ते वेगळंच. रोज एवढा वेळ काढणं मला शक्य नाही, आणि वेळ काढला तरी २१ मागे राहतातच.

२१ नोव्हेंबर: जाळी

ह्यांनी लाकडी चौकटीला अर्ध्या इंचाची कोंबड्यांची जाळी ठोकून दिली. जाळी आणि खिळे मिळून २२० रुपये. गवत जाळीवर टाकून काठीने झोडपलं. मला वाटलं कुसळं खाली पडतील, गवत वर राहील. पडलं ते उलटंच. सशांना आवडणारा पाला आणि बारीक काड्या खाली पडल्या आणि लांब शेपटीची कुसळं एकमेकांत पिळून, वेण्यांसारखी होऊन वर राहिली. पिकलेल्या कुसळांच्या शेपट्या एकमेकींत गुंततात आणि पुंजके होतात, हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. पुंजके उचलून टाकता येतात, तेवढा एक फायदा. पण झोडपताना सुटी कुसळं पाल्यातही मिसळली. वेळ १२ मिनिटं, उरलेली कुसळं ६२. ही पद्धत बाद. चौकट ठेवली आहे, पुढे वाळवायला कामी येईल.

२६ नोव्हेंबर: घोंगडं

ही कल्पना आईंची, म्हणजे सासूबाईंची. त्यांचं लहानपण माण तालुक्यात गेलं. तिकडे मेंढ्यांच्या लोकरीत कुसळं कशी भरतात ते त्यांनी पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "लोकर कुसळाला सोडत नाही. घोंगड्यावर गवत घोळून बघ."

जुनं काळं घोंगडं गच्चीवर अंथरलं, गवत टाकलं आणि दोघींनी चार कोपरे धरून घोळलं, धान्य पाखडावं तसं. मग घोंगडं उलटं करून हलकेच झटकलं. गवत पडलं, कुसळं चिकटून राहिली. १५ मिनिटं, उरलेली फक्त ९. त्या रात्री मी फार खूश होते.

२८ नोव्हेंबर

घोंगड्यावर घोळलेल्या गवतात काळे धागे दिसले. लोकरीचे तंतू काड्यांना लागून आले होते. सशाच्या पोटात स्वतःचे केस जातात तेच पुष्कळ, त्यात लोकर नको. शिवाय घोंगड्यातून कुसळं उपटायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि तरी काही विणीत राहिलीच. आता त्या घोंगड्यावर कुणाला बसताही येत नाही. आईंना वाईट वाटलं. मलाही वाटलं, कारण एवढा कमी आकडा आतापर्यंत कुठल्याच पद्धतीने दिला नव्हता.

३ डिसेंबर: शेंडा

ज्या मावशींकडून गवत घेतलं त्यांच्याकडे गेले. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तक्रार नव्हती करायची, विचारायचं होतं. मी हिरडीतल्या कुसळाचं सांगितल्यावर त्यांनी आधी सशाची चौकशी केली. मग म्हणाल्या, "ताई, ह्ये दिवाळीनंतरचं डोंगरी गवात. ह्याला कुसाळ असणारच की. म्हशीला घालायच्या आदी आमी शेंडा छाटतो, न्हायतर तिच्या बी जबड्यात बसतंय."

कुसळं तुऱ्यात असतात आणि तुरा शेंड्याला असतो. पेंढी बांधताना सगळे बुडखे एका बाजूला घेतलेले असतात, म्हणजे शेंडेही सगळे एकाच बाजूला. विळ्याने वरचा तिसरा हिस्सा उडवला की काम झालं. तीन आठवडे मी काडी काडी निवडत बसले आणि हे काम विळ्याच्या एका फटक्याचं होतं.

घरी येऊन लगेच केलं. पेंढीचा बंद न सोडता लाकडावर ठेवून शेंडा छाटला. तीन मिनिटं. उरलेली कुसळं ३१, म्हणजे तुऱ्यातून सुटून आधीच खाली घसरलेली. मग दुसऱ्या पेंढीचा शेंडा छाटून, बुडखे वर धरून ती जोरात झटकली, मग सोडून परत झटकली. ५ मिनिटं, उरली ११. त्यावर दिवसाउजेडी दहा मिनिटं हात फिरवला की एखाददुसरं. आता हीच पद्धत. पेंढीमागे पाव तास.

यात दोन गोष्टी जमेला धरायच्या. एक, पेंढी बांधलेलीच घ्यायची. सुट्या भाऱ्यात शेंडा कुठला आणि बुडखा कुठला ते कळत नाही. दोन, पाऊण किलोच्या पेंढीचं अर्धा किलोच गवत हाती राहतं. म्हणजे माझी सहा महिन्यांची बेगमी चार महिन्यांवर आली. छाटलेले शेंडे खताच्या खड्ड्यात टाकू नका, कुसळं तिथेही तशीच राहतात. आम्ही ते अंघोळीच्या बंबात जाळतो.

निघताना मावशींनी आणखी एक सांगितलं ते इथे लिहून ठेवते. "बिनकुसळाचं पायजे असंल तर घटाच्या आदी कापाय पायजे. पर तवा पाऊस असतोय. वाळवायचं कुटं?"

१५ डिसेंबर: बुडख्यातले काटे

शेंड्याची काळजी मिटली तेव्हा बुडख्याकडे लक्ष गेलं. विळा जमिनीलगत चालतो, त्यामुळे गवताबरोबर मिळेल ते कापलं जातं आणि पेंढीत बांधलं जातं. आतापर्यंतच्या पेंढ्यांत काय काय निघालं ते सांगते.

सगळ्यात जास्त आघाडा. गौरी-गणपतीला आपण हौसेने आणतो तोच, पण तेव्हा तो कोवळा असतो. वाळल्यावर त्याच्या लांब दांड्यावरचे दाणे उलटे, खाली तोंड करून राहतात आणि टोकदार होतात. साडीला चिकटतात तसे सशाच्या पोटाच्या केसांनाही चिकटतात. दांडा दिसला की उपटून काढायचा आणि आजूबाजूचं मूठभर गवतही टाकायचं, कारण दाणे गळलेले असतात.

सराटे चार मिळाले. सराट्याचा वेल जमिनीला चिकटून पसरतो, म्हणून तो फक्त ओढून गोळा केलेल्या गवतात येतो. पेंढीच्या बुडाशी माती दिसली तर सराटा असणारच असं समजावं. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते दाट केस असतात. सराटा त्यात गेला तर वरून दिसत नाही. म्हणून आता दर रविवारी दोघांना मांडीवर उताणं न करता, उभं धरून चारी तळवे चाचपते.

बोराटीचे काटे जोडीने असतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला. वळलेला बोटाला लागतो तेव्हा सरळाकडे दुर्लक्ष होतं. उंटकटाऱ्याचा एकच गोंडा मिळाला, तो हाताला लगेच कळतो.

काटेरिंगणी दोन पेंढ्यांत निघाली. पानाच्या दोन्ही बाजूंना पिवळे सरळ काटे आणि सुकलेली पिवळी फळं. वांग्याच्या कुळातलं झाड, फळं सशाच्या पोटात जाऊ नयेत अशी. त्या दोन पेंढ्या निवडल्याच नाहीत, सरळ टाकल्या. २४ रुपयांसाठी धोका नको.

हातमोजे घालून निवडू नका. मी कातडी मोजे १८० रुपयांना आणले आणि परत हात मोकळेच केले. मोज्यातून काटा कळत नाही. जे आपल्या बोटाला कळत नाही ते पुढे भुरीच्या जिभेला कळतं.

९ फेब्रुवारी २०२५

माहेरी गेले होते, सज्जनगडाच्या खाली परळी खोऱ्यात. दादाला गवताचं सगळं सांगितलं. तो मला घरामागच्या उतारावर घेऊन गेला. उताराचा अर्धा भाग काळा पडलेला, गेल्या आठवड्यात वणवा लागून गेला होता. तिथे जवळजवळ दरवर्षी लागतो. पलीकडचा भाग ओढ्यामुळे वाचतो.

जळलेल्या भागात उभी राहिलेली बुडं सगळी कुसळीची. वाचलेल्या भागात पवना आहे, बांधाकडेला मारवेल आहे, कुसळी आहे पण तुरळक. दादा म्हणाला, "वणव्यानं बाकीचं गवत मागं पडतं. कुसळीचं बी मातीत शिरून बसलेलं असतं, त्याला आग लागत नाही. पाऊस पडला की तेच पुढे."

रुमालावर फिरणारं कुसळ आठवलं. हिरडीत शिरायला जी युक्ती, तीच मातीत शिरायला. वणवा लावला की गवत चांगलं येतं असं आमच्याकडे किती जण सांगतात, आणि येतं ते हे.

तिथेच ठरलं. पुढच्या हंगामाला वाचलेल्या उतारावरचं गवत घटाच्या आधी कापायचं, आणि सोबत मारवेल लावायची.

२३ मार्च: गव्हाचा भुसा

ही चूक पूर्णपणे माझी.

पेंढ्या संपत आल्या होत्या, म्हणून खाली अंथरायला गवत वापरायचं बंद केलं आणि नव्या गव्हाचा भुसा आणला. एक पोतं, १४० रुपये. खायला नाही, नुसता अंथरायला. गव्हाच्या लोंबीलाही कुसळ असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी मळणीच्या वेळी अंगाला खाज सुटायची ती त्याचीच. पण मळणीयंत्रातून निघालेला भुसा बारीक असतो, त्यात काय राहणार, असं वाटलं. बारीक झालेलं कुसळ जास्त वाईट. उडतं.

काल सकाळी कापसाचा उजवा डोळा मिटलेला, गालाचे केस ओले. डॉक्टरांनी डोळा बधिर करायचा थेंब टाकला, आतल्या कोपऱ्यातली सशाची तिसरी पापणी उचलली आणि तिच्या मागून सहा-सात मिलिमीटरचा कुसळाचा तुकडा काढला. मग एक रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळावर ओरखडा हिरवा चमकला. प्रतिजैविक थेंब दिवसातून तीनदा, दहा दिवस. घरात पडून राहिलेलं स्टेरॉइडचं कुठलंही डोळ्याचं औषध चुकूनसुद्धा घालू नका, अशा जखमेत डोळा जाऊ शकतो असं त्यांनी दोनदा बजावलं. ९०० रुपये.

घरी येऊन पोतं ओतून बघितलं. कुसळांचे तुकडे मोजण्याच्या पलीकडे, आणि त्यात पांढऱ्या शिरांची काटेरी पानं, वाळून चुरा झालेली. पिवळा धोत्रा. गव्हाच्या रानात येणारं तण. हे नुसतं टोचत नाही, विषारी आहे. याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत ड्रॉप्सीची, म्हणजे अंगाला सूज येण्याच्या आजाराची, साथ येऊन माणसं दगावली होती. आणि मी ते सशांच्या अंगाखाली अंथरलं होतं. सगळा भुसा बंबात.

आता खाली रद्दी कागद आणि वर माहेरचा भाताचा पेंढा. आमच्या भाताला कुसळ नसतं, तरी पहिल्या पेंढ्याची लोंबी न लोंबी बघून घेतली.

२ एप्रिल

कापसाचा डोळा पूर्ण उघडला. परत तपासणी झाली, डाग नाही. पेंढ्या परवा संपल्या. जूनपर्यंत थोडं टिमोथी, थोडा ज्वारीच्या कडब्याचा पाला. कडबा पूर्ण वाळलेलाच घेतला. कोवळ्या हिरव्या ज्वारीने जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ससा तर एवढासा जीव. उसाचं वाढं एका शेजाऱ्याने आणून दिलं होतं. पात्याच्या कडेवर बोट फिरवलं आणि परत केलं.

२२ जून

अर्ध्या गुंठ्यात मारवेल लावली. दादाने बांधावरची बुडं खणून ठोंब वेगळे करून ठेवले होते, ३५० निघाले. दीड फुटाची सरी, दोन ठोंबांत एक फूट. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले मारवेल ०६-४० ही जात आहे, पण यंदा घरचंच लावलं. एका बाईंची दिवसाची मजुरी ३५०, शेणखत घरचं. मारवेलीचं पातं मऊ, कांडी बारीक, आणि तुऱ्यातलं कुसळ नाजूक असतं, ते कुसळीसारखं रुतत नाही. तरी तुरा यायच्या आत कापायचीच.

३१ ऑगस्ट

मारवेलीचा पहिला कापा, ७० दिवसांनी. ओली ४६ किलो भरली. ऊन नाही, म्हणून पडवीत दोऱ्यांवर टांगली, आणि ती कोंबड्यांच्या जाळीची चौकट इथे उपयोगी पडली. खालून हवा लागते. वाळायला नऊ दिवस गेले. वाळून १३ किलो. काटा शून्य, कुसळ शून्य. सव्वा किलो एका कोपऱ्यात काळी पडली, ती टाकली.

२० सप्टेंबर

घट परवा बसतायत. वाचलेल्या उतारावरचं गवत आज कापायला घेतलं. यवतेश्वर घाटात कासच्या फुलांसाठी निघालेल्या गाड्यांची रांग लागली असेल, आमच्या बाजूला मात्र कुणी नव्हतं.

कुसळी पोटरीत आहे. बोटाने पात्याचं आवरण सोलून बघितलं, आतला तुरा हिरवा, ओला, मऊ. काही ताटं निसवलेली होती, म्हणजे तुरा बाहेर आलेली, ती कापताना वगळली. दादा, वहिनी आणि मी, तिघांनी सकाळी सात ते बारा. विळा चार बोटं वर ठेवायचा, जमिनीलगत नाही. सराटा, रिंगणी खालीच राहतात. दादाला हे पटायला वेळ लागला, कारण चार बोटं म्हणजे गवत वाया. मग मी त्याला गेल्या वर्षीच्या डबीतले सराटे दाखवले.

२४ सप्टेंबर

सगळं गेलं. २१ तारखेला दुपारी चारला पाऊस आला. मी घाईने गवताचा ढीग केला आणि वर ताडपत्री घट्ट बांधली. आज उघडली तेव्हा आतून वाफ आली. मधोमध हात धरवत नव्हता इतकं गरम, आणि पांढरी बुरशी. बुरशीचं गवत सशाला एक काडीही चालत नाही. ओलं चाळीस किलो तरी असेल. तीन माणसांची सकाळ आणि माझी दोन दिवसांची रजा गेली. मावशी वाळवण्याबद्दल बोलल्या होत्या, मी ते फक्त लिहून ठेवलं होतं.

गवत भिजलं असतं तरी चाललं असतं, दुसऱ्या दिवशी पसरून वाळलं असतं. ओलं झाकलं म्हणून कुजलं.

५ ऑक्टोबर

दसरा झाला, तीन दिवस ऊन आहे. उरलेला अर्धा उतार कापला. पंधरा दिवसांत पुष्कळ कुसळी निसवली आहे, पण कुसळं अजून हिरवी, शेपटीला पीळ नाही, टोक नखाने वाकतं. निसवलेली ताटं कापतानाच बाजूला टाकली. त्यामुळे वेळ दुप्पट लागला.

यावेळी ढीग नाही. बांबूच्या तीन काठ्या वर बांधून तंबूसारख्या उभ्या केल्या आणि त्यावर गवत टांगलं, असे चार तंबू. पाऊस आला तर वरून ओघळेल, आतून वारा फिरेल. नंतर भर घालते: ६ तारखेला रात्री एक सर आली. सकाळी वरचा थर ओला, आतला कोरडा.

११ ऑक्टोबर

वाळलं. काडी पिळली की मोडते, पेराला नख लावलं तर ओल लागत नाही. पेराशी ओल असेल तर दोन दिवस आणखी थांबा, मी एका तंबूला थांबवलं. रंग गेल्या वर्षीसारखा सोनेरी नाही, हिरवट आहे, आणि घरभर वास सुटला आहे.

एकूण १८ किलो. मारवेलीच्या पहिल्या काप्यातलं थोडं शिल्लक आहे आणि दुसरा कापा महिन्याअखेर येईल.

१९ ऑक्टोबर

पहिली पेंढी पांढऱ्या चादरीवर उघडली, दिवसाउजेडी. शेंडा न छाटता. चार कुसळं, चारही हिरवी असताना वाळलेली, केस धरलेले नव्हते. आघाड्याचा एक कोवळा दांडा. सराटा नाही, बोराटी नाही. वीस मिनिटं लागली, पुढच्या पेंढीला दहा लागतील. चारही कुसळं ओल्या रुमालावर ठेवून अर्धा तास बघत बसले. हलली नाहीत.

भुरीने मुठीतूनच ओढून घेतलं. आधी पाती, मग कांडी, दाढांचा तो करकर आवाज. मी टॉर्च लावून हिरड्या बघितल्या, तिला आवडलं नाही, पण बघितल्या.

यंदाचा खर्च: मजुरी ३५०, बांबू २४०, तीन फेऱ्यांचं पेट्रोल साधारण ४००, वाया गेलेली ताडपत्री धरत नाही. गेल्या वर्षी गवत ७५०, आणि दवाखान्याचे सगळे मिळून वेगळे १८५०.

दादाशी फोनवर बोलणं झालं. वाचलेला उतार वणव्यापासून वाचलेलाच राहायला हवा. ओढा एका बाजूने आहे, वरची कड उघडी आहे. जानेवारी संपायच्या आत तिथे दहा फुटांची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी, काढायची आहे. दादाने दोन माणसं सांगून ठेवली आहेत, मजुरी मी देणार.